उपवासाची तिथी कोणाच्या हाती?

गेल्या श्रावणातील गोष्ट. खुरपणीचे दिवस होते. आमच्या गावात त्या पंधरवड्याची एकादशी कोणत्या दिवशी, याविषयी दोन मते पडली. देवळाजवळच्या आळीत बुधवारी म्हणाले, माळकऱ्यांच्या वाडीत गुरुवारी. आमच्या शाळेत सातवीत असलेल्या एका मुलीच्या आईचे माहेर एका मताचे आणि सासर दुसऱ्या मताचे. पाप कोणत्याच बाजूने लागू नये म्हणून ती बाई दोन्ही दिवस उपाशी राहिली, आणि दोन्ही दिवस दुसऱ्याच्या रानात खुरपणीला गेली. गुरुवारी दुपारी पात धरलेली असतानाच तिला भोवळ आली. खुरप्यावर हात पडून तळवा चिरला. चार बायांनी उचलून तिला बांधावर आणले, तेथून दवाखान्यात नेले. सलाईन लावले, टाके घातले. बाई बरी झाली, परंतु पुढचे आठ-दहा दिवस रोजगार बुडाला आणि औषधपाण्याची उसनवारी झाली ती वेगळीच.

वाचकहो, या गोष्टीत आमचाही दोष आहे आणि तो येथे कबूल करणे आम्हांस भाग आहे. आदल्या मंगळवारी सायंकाळी आमच्याच घरातून आम्हांस विचारणा झाली होती, "अहो, एकादशी उद्या की परवा?" आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता उत्तर दिले, "भटजींना विचारा." आम्ही ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेले मास्तर. मुलांना कंदील आणि चेंडू घेऊन चंद्राच्या कला शिकवितो, आणि आमच्याच स्वयंपाकघरातून आलेल्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते! आम्हांस ते ठाऊक असते, तर आमच्या घरातून ते शेजारी गेले असते, आणि कदाचित ती बाई एकच दिवस उपाशी राहिली असती. त्या दिवसापासून आम्ही पंचांग घेऊन बसलो. जे समजले ते साध्या शब्दांत सांगावे, एवढ्यासाठीच हा लेख.

प्रारंभीच एक खुलासा. उपवास करू नका, असे आमचे सांगणे नाही. पंढरीच्या वाटेने चालणाऱ्या आमच्या कुणबी, माळी, शिंपी, कुंभार, साळी, तेली बांधवांच्या घरी एकादशी हा प्रेमाचा दिवस आहे, आणि प्रेमाने केलेल्या गोष्टीस नावे ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जे करावे ते समजून करावे. भयाने केलेला उपवास हा उपवास नव्हे, तो एक प्रकारचा दंड आहे. आणि भय कोठून येते? ज्याचा हिशेब आपणांस येत नाही, त्याचेच भय वाटते. सावकाराच्या वहीचे भय अडाण्यास वाटे, ते याच कारणाने.

आता तिथी म्हणजे काय ते पाहू. मळणीयंत्रे आली तरी आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी खळे पाहिलेले आहे. खळ्याच्या मधोमध मेढ, आणि तिच्याभोवती बैल फिरत असत. समजा, दोन बैल मेढीभोवती आपापल्या चालीने मोकळे फिरत आहेत. एक म्हातारा, संथ; दुसरा तरणा, चलाख. दोघे एके ठिकाणी असताना निघाले की तरणा पुढे जातो, म्हाताऱ्यापासून दूर दूर होतो, मग बरोबर समोरच्या बाजूस येतो, आणि अखेरीस मागून येऊन त्यास पुन्हा गाठतो. आकाशाच्या खळ्यात म्हातारा बैल तो सूर्य आणि तरणा तो चंद्र. दोघे एकत्र येतात ती अमावास्या. चंद्र बरोबर समोर येतो ती पौर्णिमा. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. वर्तुळाचे अंश ३६०. त्यांचे तीस वाटे केले की एकेक वाटा १२ अंशांचा. चंद्र सूर्यापेक्षा १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली. तिथी ती एवढीच. यात मंत्र नाही, शाप नाही, कोणाचा कोप नाही. तिसरी-चौथीचा भागाकार आहे.

परंतु चंद्राची चाल सदा सारखी नसते. पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा तो भरभर चालतो, दूर असतो तेव्हा सावकाश. त्यामुळे एखादी तिथी सुमारे वीस तासांत आटोपते, तर एखादी सव्वीस तासांहून अधिक लांबते. आपला दिवस मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चोवीस तासांचा. म्हणून नियम असा केला की, सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. लांबलेल्या तिथीच्या वाट्यास दोन सूर्योदय आले की तिथीची वृद्धी झाली म्हणतात. आखूड तिथीस एकही सूर्योदय मिळाला नाही की तिचा क्षय झाला म्हणतात. "तिथीचा क्षय" हे शब्द ऐकून आमच्या आयाबहिणी घाबरतात, परंतु त्यात घाबरण्यासारखे काय आहे? एखादा मुलगा हजेरीच्या आधी आला आणि हजेरीच्या आधीच गेला, तर पटावर त्याचे नाव लागत नाही, तसलाच हा प्रकार.

आता त्या दोन एकादश्यांचे कोडे उलगडू. त्या बुधवारी दशमी पहाटे पाचच्या सुमारास संपली आणि एकादशी लागली. सूर्योदय सव्वासहाचा. स्मार्त मंडळींचा सर्वसाधारण नियम असा की, सूर्योदयास एकादशी आहे ना, मग तोच दिवस. भागवत मंडळी, म्हणजे आमचे माळकरी, अधिक काटेकोर. सूर्योदयापूर्वीच्या चार घटका, म्हणजे ९६ मिनिटे, दशमीचा लवलेशही नको, असा त्यांचा दंडक. दशमी त्या चार घटकांत शिरली असेल तर ते दुसऱ्या दिवशी उपवास धरतात. म्हणून एकांचा बुधवार आणि दुसऱ्यांचा गुरुवार. एकादशी दोन नव्हत्याच! आकाशात ती एकच होती. मोजण्याच्या रीती दोन होत्या. बुधवारी उपवास करणाऱ्याने गुरुवारी पारणे सोडून जेवावयाचे, आणि गुरुवारी करणाऱ्याने बुधवारी जेवावयाचे. दोन्ही दिवस उपाशी राहून खुरपे धरा, असे या दोहोंपैकी कोणतीच रीत सांगत नाही. ते सांगितले भयाने आणि अज्ञानाने.

शेतकरी बांधवांनो, कालगणना हे आपले काम नव्हे असे तुम्ही समजता, पण ते खरे नाही. तुम्ही तर दोन कालगणना तोंडपाठ घेऊन फिरता. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाची नक्षत्रे तुम्हांस कोणी पोथीतून शिकविली नाहीत. ती सूर्याची आहेत, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास निघतो, त्यात महिन्याचा फरक पडत नाही. सण आणि उपवास मात्र चंद्राचे. कोकणातील कोळी बांधव तर घड्याळावाचून तिथी ओळखतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे. चंद्राचा पंचांगकर्ता त्यांच्या होडीखालीच आहे. सारांश, पेरणी सूर्याची आणि उपवास चंद्राचा, अशी आपली दुहेरी वहिवाट आहे.

या दोन वह्यांचा मेळ कसा घालतात? चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत भरतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. तीन वर्षांत ती महिन्याएवढी होते, तेव्हा एक महिना जास्त धरून वही जुळवितात. तोच अधिक मास. १९ वर्षांत असे सात महिने येतात. आषाढी एकादशीचेच पाहा. २०२३ साली ती २९ जूनला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि २०२४ साली ती १७ जुलैला गेली. २०२५ साली अकरा दिवस मागे येऊन ६ जुलैला झाली. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला. आमच्या मुसलमान विणकर बांधवांची गणनाही चंद्राचीच, परंतु ते अधिक महिना धरीत नाहीत, म्हणून त्यांचा रमजान उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा सर्व ऋतूंतून सुमारे ३३ वर्षांत फिरून येतो. २०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, ती याच हिशेबाने. दोघांच्याही घरी चंद्र तोच.

असा हा अधिक मास म्हणजे जमाखर्चातील एक दुरुस्ती. परंतु त्याचा आम्ही काय करून ठेवला आहे? धोंड्याचा महिना! जावयास तेहेतीस अनारसे, चांदीचे ताट, पोशाख. वर पोथी, दान, दक्षिणा. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. बी-बियाण्याचा आणि खताचा पैसा जावयाच्या वाणात घालून मग कर्जासाठी सोसायटीच्या दारात उभे राहणे, यात पुण्य कोणते? ज्यास ऐपत आहे त्याने खुशाल लेकीजावयाचे कौतुक करावे. परंतु अकरा दिवसांच्या वजाबाकीपायी घर गहाण पडू नये, एवढे तरी आमच्या बांधवांनी पाहावे.

हा हिशेब आपल्या हातून गेला कसा? पूर्वी पंचांग हाताने लिहिलेले असे. ते ज्याच्या घरी, त्याच्या घरी गावाची तिथी. गावचा जोशी हा वतनदार. त्यास बोलाविले वा न बोलाविले, तो आपला हक्क मागे. वर्षाच्या सणावारांतून कुणब्याच्या घरचे धान्य आणि पैसा कसा बाहेर जातो, हे जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात मांडले आहे. पुढे १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि न बोलाविलेल्या भिक्षुकास दक्षिणेचा दावा करण्याचा मार्ग बंद झाला. तथापि कायद्याने वतन जाते, भय जात नाही.

दुसरीकडे, ज्ञान कोणा एका जातीच्या कुंपणात राहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. मराठीत पहिले छापील पंचांग १८३१ साली मुंबईत निघाले. ते छापणारे गणपत कृष्णाजी हे जातीने भंडारी. केरो लक्ष्मण छत्रे यांनी जुन्या पंचांगाचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही हे ओळखून दुरुस्त पंचांग काढले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे आमच्यासारखेच ट्रेनिंग कॉलेजात शिकलेले शिक्षक. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा थोर ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत सरकारने कालगणना सुधारण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या एका खेड्यातील गरीब किराणा दुकानदाराचा हा मुलगा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाला. देशात तीसच्या आसपास निरनिराळ्या कालगणना चालू असल्याचे त्या समितीस आढळले. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, आणि सरकारच राष्ट्रीय पंचांग छापू लागले. १९७३ पासून 'कालनिर्णय' घरोघरच्या भिंतीवर आले. म्हणजे कुलूप केव्हाच उघडलेले आहे. आम्हीच दाराबाहेर बसून आहोत.

"तिथी चुकली तर पाप लागेल" असे म्हणणाऱ्यांस आमचा एक प्रश्न आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडील लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. भिवंडीच्या मागावर काम करणारा उत्तरेकडचा कामगार आणि त्याच्या शेजारचा मराठी कामगार दोघेही श्रावणी सोमवार करतात. पण एकाचा पहिला सोमवार होतो तेव्हा दुसऱ्याचा आषाढ चालू असतो. पाप कोणास? टिळक पंचांग मानणाऱ्या घरी काही वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो. दोन्ही घरी मोदक होतात, दोन्ही घरी आरती होते, आणि कोणावरही वीज पडलेली ऐकिवात नाही. मग आमच्या खुरपणीवालीनेच काय अपराध केला होता?

उपवासाच्या पदार्थांचेही तेच. भाकरी खाल्ली तर उपवास मोडतो, साबुदाणा खाल्ला तर मोडत नाही. हा साबुदाणा कशाचा? टॅपिओका नावाच्या कंदाचा. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील, आणि आज आपल्याकडे येणारा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतील सेलमकडचा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हीही सारी अमेरिका खंडातील. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचण्यापूर्वी यांतील एकही जिन्नस आमच्या देशात नव्हता. म्हणजे खिचडीचा नियम ऋषींनी केलेला नाही. तो आमच्याच चारपाच पिढ्यांपूर्वीच्या माणसांनी सोयीने बसविला. माणसांनी बसविलेला नियम माणसांस बदलता येतो. मजूर बाईने उपवासाच्या दिवशी दूध, ताक, केळी, शेंगदाणे, राजगिरा पोटभर खावा. नुसत्या चहावर आणि मूठभर साबुदाण्यावर दिवस काढू नये. भगरीचे सुटे, जुने पीठ तर मुळीच आणू नये. नवरात्रात आणि महाशिवरात्रीस त्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या पुनःपुन्हा येतात. भगर निवडून, धुऊन घरीच दळावी.

आणि औषधाविषयी. भिक्षुक मंडळी ज्या ग्रंथाचा आधार घेतात तो 'धर्मसिंधू' १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचला. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे व्रतांचे ग्रंथच सांगतात. तरीही हरतालिकेच्या दिवशी मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी न घेणाऱ्या कितीतरी बाया आम्ही पाहतो. पोथीपेक्षाही पोथीची अफवा कठोर, ती अशी.

एके दिवशी आम्ही सातवीच्या मुलांस फळ्यावर एक गणित घातले. तुमच्या आईचे वर्षाचे उपवास मोजा. एकादश्या २४, संकष्ट्या १२, आठवड्याचा एक वार म्हणून ५२, नवरात्राचे ९, श्रावणी सोमवार ४. शिवाय महाशिवरात्र, वटपौर्णिमा, गोकुळाष्टमी, हरतालिका, ऋषिपंचमी हे ५. बेरीज १०६. एकावर एक आलेले वगळले तरी नव्वदाच्या खाली आकडा येत नाही. म्हणजे चार दिवसांत एक दिवस! मग मुलांस विचारले, बापाचे किती? वर्गात हशा पिकला. आम्हांस मात्र हसू आले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, सारा दोष उपवासावर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्या अंगात आधीच रक्त नाही, त्या अंगाला चार दिवसांतून एकदा उपाशी ठेवणे कोणत्या शहाणपणात बसते? त्यातून चातुर्मास आषाढापासून कार्तिकापर्यंत, म्हणजे लावणी, खुरपणी, काढणी यांचेच महिने. बसून पोथी वाचणाऱ्यास जो उपवास हलका, तोच वाकून काम करणारीस जड. दोघांस एकच माप लावणे हा अन्याय आहे.

म्हणून आमची वाचकांस तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, घरात पंचांग वा दिनदर्शिका आहेच, तिच्यातील तिथी संपण्याची वेळ आणि सूर्योदय हे दोन आकडे वाचावयास शिका, आणि रात्री आकाशाकडे पाहून ताळा घ्या. शुद्ध अष्टमीस सूर्यास्ताला अर्धा चंद्र माथ्याजवळ असतो. तेथून तिसरी रात्र ती एकादशीची. दुसरी, कष्टाच्या दिवशी बाईने उपवास करावा की नाही, हे तिचे तिने ठरवावे. सासूने, नवऱ्याने वा शेजाऱ्याने नव्हे. गर्भवती, अंगावर पाजणारी आणि आजारी यांस तर घरच्यांनीच जेवावयास बसवावे. तिसरी, गुढीपाडव्यास पारावर पंचांग वाचण्याची रीत अनेक गावांत आहे. ती मोडू नका. फक्त वाचणारा बदला. शाळेतील मुलामुलींकडून ते वाचवून घ्या.

आमच्या गावी यंदाच्या पाडव्यास तसे ठरले आहे. वाचावयास ती सातवीतील मुलगीच उभी राहणार आहे. परवा तिने पाटीवर पुढच्या दोन महिन्यांच्या एकादश्या मांडल्या, कोणत्या एकादशीस स्मार्त-भागवत भेद पडतो ते शोधले, आणि घरी जाऊन आईस सांगितले, "आई, एकच करायची असते." आईने विचारले, "कोणी सांगितलं?" मुलगी म्हणाली, "कोणी नाही. मी मोजलं."